दादूस, तुझी भिंत फोडली

दादूस, मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तू मधेमधे तोंड घालणार नाहीस. तू असतास तर म्हणाला असतास, "कमले, तू आनि भीती? कोनाला सांगतंस?" आणि ते तुझं खोकल्यासारखं हसू हसला असतास. पण खरंच सांगते, तू गेल्यापासून ती जागची हलायला तयार नाही. तव्यावर भाकरी असते आणि बाहेर रस्त्यावर डंपरचा ब्रेक लागतो. मी गॅस बारीक करून खाणावळीच्या दारात येते आणि तो पुढे जाईपर्यंत तिथंच उभी राहते. आतून गिऱ्हाईक ओरडतं, काकी, भाकरी करपली. करपू दे मेली.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो पुतण्याच्या हळदीतला, डोळ्यांवर गॉगल. पोरांनी तुला तो जबरदस्तीनं चढवला होता आणि तू रात्रभर काढला नाहीस, कारण आवडला होता. फोटोच्या वर लिहिलंय, "खाजणाचा राखणदार". खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, त्यातले दोघे तर तुझ्यापेक्षा मोठे छापलेत. तू कधी जन्मलास, कोणत्या समितीचा अध्यक्ष होतास, कुठे शाल मिळाली, ते सगळं तिथं आहे. मी ते परत लिहीत बसणार नाही. चुलत बहीण असले तरी तुझ्याशी भांडायचा पहिला मान माझा होता. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू निघून गेलास, हे मला अजिबात पटलेलं नाही.

त्या दिवशी तू खाणावळीत जेवायला बसला होतास. वाकटीचं कालवण होतं. मी नेहमीसारखा खाजणाच्या भिंतीचा विषय काढला आणि तू नेहमीसारखा तापलास. म्हणालास, "भिंत ऱ्हानार. मी हाय तवर तिला कोन हात लावतो बगतंय." आणि उठलास. अर्धी भाकरी ताटात तशीच. आयुष्यात तू कधी ताटात कण सोडला नाहीस, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातलाही मागून खायचास. त्या दिवशी सोडलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी हाक मारत आली तेव्हा तुझ्या हातात चहाचा कप होता आणि तू नव्हतास. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला आपली ती अर्धी भाकरीच दिसत राहिली. तू रागावून गेलास का रे? मला ह्याचीही भीती वाटते.

बाहेरच्या माणसाला आपलं गाव दिसतच नाही आता. करंजाड्याच्या टॉवरांच्या सावलीत दबून बसलेल्या दोन आळ्या. वरची आळी तुझी, ते माझं माहेर. खालची आळी माझं सासर. मग रस्ता, रस्त्याच्या पलीकडे खाजण, म्हणजे खाडीचं पाणी चढतं-उतरतं ती सखल जागा, खाजणाच्या टोकाला तिवरं आणि मग खाडी. शेतं संपादनात गेली, मिठागरं गेली, उरलं ते एवढं खाजण आणि त्यातला तलाव. पावसात दोन्ही आळ्यांचं पाणी रस्ता ओलांडून तिथं जाऊन पसरायचं, ओहोटीला खाडीत उतरायचं. उन्हाळ्यात पोरं तिथं क्रिकेट खेळायची, आम्ही बायका मासळी वाळवायचो. एवढी मोकळी जागा पनवेलात फुकट पडून आहे हे ज्याला त्याला खुपत होतं. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर उभे करायला जागा पाहिजेच असते कुणाला ना कुणाला. आधी भराव टाकायचा, मग सपाट करायचं, मग म्हणायचं की इथं खाजण होतंच कुठे.

मला आठवतं ते शेतं होती तेव्हाचं. खाडीचा बांध फुटला की आपण म्हणायचो खांड पडली. मग गावात हाळी जायची, जोळ आहे. प्रत्येक घरातलं एक माणूस बांधावर. कुणी आजारी असेल तर त्याच्या घरचं दुसरं. जोळ म्हणजे जोळ, तिथं सबब चालत नसे. चिखलाचे गोळे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, असे थेट खांडीपर्यंत. मी तेव्हा लहान, तू माझा हात धरून मला रांगेत उभं केलंस. माझ्या हातात बसेल एवढाच गोळा देत होतास आणि पुढच्याला म्हणत होतास, "नीट धर, इच्या हातचा हाय." माझा चिमूटभर चिखल त्या बांधात गेला म्हणून मी कितीतरी दिवस घरात मान ताठ करून फिरले. ते मी तुला कधी बोलले नाही. आता बोलते. त्या बांधाइतकी माझी म्हणावी अशी दुसरी गोष्ट मला नंतर मिळाली नाही, आणि ती तू दिलीस.

शेतं गेली तशी जोळही गेली. ती परत आणलीस तीही तूच. डंपर खाजणात यायला लागले तेव्हा तू रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब पुरलेस, ते त्यांनी डंपर मागे घेऊन ठोकून पाडले. मग तू देवळात सांगितलंस की आजपासून जोळ. बांध नसला तरी खाजण आहे, घरटी एक माणूस रस्त्यावर बसेल. टाळ्या वाजल्या. काही दिवस माणसं आलीसुद्धा. मग कुणाचं लग्न निघालं, कुणाची कंपनीत डबल ड्यूटी लागली, कुणाला कुणाचा फोन आला. शेवटी राहिलास तू आणि तुझी ती निळी प्लास्टिकची खुर्ची. मी दुपारी भाकरी घेऊन यायचे आणि तुझ्याबरोबर तासभर बसायचे. डंपर आला की तू उठायचास, हात वर करायचास आणि शांतपणे म्हणायचास, "पुढं ने. हिकडं मी हाय." बस, एवढंच. तुझा आवाज कधी चढला नाही. मला घाम फुटायचा.

आणि मग तो दिवस. मी भाकरी घेऊन वळणावर पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. डंपरवाल्यानं ब्रेक लावला, पण जरा उशिरा लावला. खुर्चीचे दोन तुकडे, तू रस्त्यावर, कोपर सोललेलं. भर दिवसाची वेळ. ओट्यांवर माणसं होती रे. बाळारामचा ओटा तर समोरच. तुझ्याबरोबर विटीदांडू खेळलेला तो बाळाराम उठला आणि घरात गेला. त्याच्या भाच्यांचे डंपर चालतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशीचा डंपर कुणाचा होता हे तू कुणाला विचारलं नाहीस आणि मला विचारू दिलं नाहीस.

संध्याकाळी कोपराला हळद लावताना तू म्हणालास, "मानूस थकतंय, कमले. मानूस घाबरतंय. भिंत घाबरत नाय."

त्यानंतर तू भिंतीच्या मागे लागलास. किती ऑफिसं, किती साहेब, किती वेळा पनवेलला खेपा, त्या सीट फाटलेल्या स्कूटरवरून. चेष्टा केली लोकांनी. तू फंड मंजूर करून आणलास. रस्त्याच्या कडेनं खाजणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषभर उंच भिंत उभी राहिली आणि डंपर थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. तलावावर परत बगळे आले. तू त्या भिंतीवरून हात फिरवत चालायचास, गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. हे खाजण आज खाजण आहे ते तुझ्यामुळे. हे मी कुणासमोरही सांगेन, आणि भांडताना तुलाही सांगत होते, पण तू तेवढंच ऐकायचास आणि पुढचं ऐकायचा नाहीस.

पुढचं म्हणजे पाणी. भिंतीच्या बुडाला पाइप ठेवले होते, ते पहिल्याच पावसात पिशव्या आणि बाटल्यांनी तुंबले. साफ केले, परत तुंबले. पाणी रस्ता ओलांडायचं, भिंतीला थडकायचं आणि माघारी खालच्या आळीत यायचं. माझ्या घरात पिठाचे डबे तरंगले. शेजारच्या आजीला खाटेसकट उचलून नेलं. तू आलास, बादलीनं पाणी उपसत राहिलास, त्याच दुखऱ्या हातानं. मी म्हटलं, दादूस, चार माणसं एकाला एक लागून जातील एवढी वाट पाड भिंतीला. तू म्हणालास, "तेवढ्यातनं डंपर शिरतो." मी म्हटलं, मग आम्ही बसू तिथं. तू माझ्याकडे बघितलंस. तुटकी खुर्ची तू अजून घराच्या मागे ठेवली होतीस.

दर पावसाळ्यात हेच. मी म्हणायचे पाणी, तू म्हणायचास डंपर. तू चुकत होतास असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी चुकत होते असंही नाही. भिंत बांधणाऱ्या इंजिनीअर साहेबांनी तर सरळ सांगितलं होतं, "समितीनं लिहून दिलं तर आम्ही तेवढा भाग काढून देतो. पण पुढे भराव पडला तर आमच्याकडे येऊ नका." समिती म्हणजे तू. तू लिहून दिलं नाहीस.

आता दहाव्याचं सांगते. ते कुणाला तोंड उघडून सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

घाटावर पिंड मांडले. कावळा शिवेना. तिवरांवर बसलेले दिसत होते, पण एक खाली उतरेना. भटजी घड्याळ बघायला लागले. मग सुरू झालं आपल्याकडचं नेहमीचं. कुणी म्हणालं, पोरीचं लग्न धुमधडाक्यात करू. कुणी म्हणालं, वैनीला अंतर देणार नाही. काही नाही. तेवढ्यात बाळाराम पुढे झाला. त्याच बाळारामनं हात जोडले, आवाज फुटला होता त्याचा, आणि म्हणाला, "दादूस, तुझी भिंत ऱ्हाईल. कोनाला हात लावू देनार नाय. माजा शब्द." आणि कावळे आले. एक नाही, पाच-सहा. पिंडावर तुटून पडले. बायका रडायला लागल्या. माणसं एकमेकांकडे बघून माना हलवायला लागली, की बघ, जीव भिंतीत अडकला होता.

पण दादूस, बाळाराम हात जोडत होता त्याच वेळी मी उशिरानं ताट घेऊन पोचले होते; आधीचं सगळं मला मागून कळलं. तुझ्या आवडीचं सगळं केलं होतं, म्हणून उशीर झाला. ताट खाली ठेवलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, "या रे, या." खाणावळीच्या मागे रोज दुपारी मी तुकडे टाकते तेव्हा म्हणते तसंच. ते कावळे माझे आहेत. त्यातला एक लंगडा, तो तर मला लांबून ओळखतो. ते भाकरीला आले, का तुझ्या भिंतीला आले? घाटावर मी हे बोलले असते तर लोकांनी मला खाडीत ढकललं असतं. आणि खरं सांगू? माझीच मला खात्री नव्हती. समजा लंगडा माझ्यासाठी आला, पण तू त्याच्यातून आला असशील तर? घरी आले आणि अंगात थंडी भरली. पाणी घरात येतं ते मी उपसून काढीन. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर त्याचं काय उपसायचं?

तेराव्यापर्यंतचे दिवस असे गेले बघ. रात्री झोप नाही. आभाळ भरून आलं की मी डबे माळ्यावर चढवायची आणि ऊन पडलं की खाली काढायची. आळीतल्या बायका विचारायला लागल्या, कमळे, आता कोण बोलणार? त्यांना वाटत होतं मी बोलेन. खाणावळीत मी पैलवानाचं ताट उचलून नेते, त्याने उष्टं टाकलं तर. पण गावासमोर, तुझ्या फोटोसमोर, तुझ्याच विरुद्ध कसं बोलायचं?

तेराव्याला जेवणं झाली आणि मंडपात नगरसेवक बोलायला उभे राहिले. म्हणाले, भिंतीला तुझं नाव देणार, संगमरवरी पाटी बसवणार, मोठा कार्यक्रम करणार. टाळ्या पडल्या. आणि मी उभी राहिले. कशी राहिले कोण जाणे. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "पाटी लावायच्या आधी भिंतीला वाट पाडा. पाणी आमच्या घरात येतं."

काय गलका झाला म्हणतोस! कुणी म्हणालं, मयताला दिलेला शब्द हाय. कुणी म्हणालं, हिच्या घरात पाणी येतं म्हणून हिला भिंत नको. एक तर म्हणाला, डंपरवाल्यांनी काय दिलं विचारा. दादूस, मला! मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण त्या गलक्यात कुणी ऐकेना. बाळाराम कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मी तुझ्या फोटोकडे बघितलं, तर तू गॉगल लावून बसलेला, तुझे डोळेसुद्धा दिसेनात.

तेव्हा वैनी बोलली. तुझी बायको, म्हणजे माझी वैनी, जी तुझ्या उभ्या आयुष्यात चार माणसांत बोलली नाही. बायकांच्या मधून बसल्या बसल्याच म्हणाली, "कावला कमलीच्या ताटाला आलता. मी बगितलं. तिनं हाक मारली ना ते उतरले." मग म्हणाली, "भिंतीला माज्या मानसाचा नाव देताव. मंग दर पावसान खालच्या आलीतल्या बायका घरातला पानी उपसताना त्या नावानं बोटं मोडतील. मना नको तसला नाव." नगरसेवक काही बोलायला गेले. वैनी थांबली नाही. "वाट पाडा. आनि जोळ चालू करा. पयली बारी आमच्या घरची."

मी तिथंच बसले आणि रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. घरातून नेलं तेव्हा नव्हते रडले, सगळे म्हणत होते कमळीचं काळीज दगडाचं.

समितीनं लिहून दिलं. इंजिनीअर साहेबांची माणसं आली, ड्रिल लावलं. भिंत तोडताना जो आवाज झाला तो ऐकवेना. मी खाणावळ बंद करून आत बसले होते, कानात बोळे घालून. तुझी माफी मागत होते का तुला शिव्या देत होते, माझं मलाच ठाऊक नाही. संध्याकाळी जाऊन बघितलं. त्या वाटेतून सरळ तिवरं दिसत होती, तलावाचं पाणी दिसत होतं. किती वर्षांनी रस्त्यावरून तलाव दिसला. आणि लगेच दुसरं दिसलं, रस्त्यावर चाकांच्या खुणा. एक गाडी वाटेपर्यंत वळून, थांबून परत गेली होती. बघून गेली होती.

पहिली बारी वैनीची. तिनं काय केलं ठाऊक आहे? तुझी तुटकी निळी खुर्ची तारेनं बांधली आणि तीच आणली. तिच्यावर बसली, मांडीवर पदर, समोर डंपर येतायत जातायत. मी भाकरी नेऊन दिली. एक डंपर हळू झाला तेव्हा तिनं फक्त मान वर केली. तो गेला. मग आमच्या आळीतली घरं एकामागून एक. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक, दिवेलागणीपासून सकाळपर्यंत दुसरं. मध्यंतरी चांगला मोठा पाऊस झाला आणि पाणी त्या वाटेनं खाजणात गेलं. माझ्या घरात नुसता उंबरठा भिजला. तुला हाक मारावीशी वाटली, ये आणि बघ म्हणावं.

पण खालच्या आळीचं काय, ते येणारच. पाणी त्यांच्या घरात येतं. खरी गोष्ट आळी संपल्यावर. आळीत शेवटचं घर माझं आणि त्यानंतर आळीबाहेरचं, रस्त्यालगतचं, बाळारामचं.

काल माझी बारी होती. खाणावळ सुनेवर टाकून सकाळपासून बसले. दादूस, तिथं बसल्यावर मला तू कळलास. रस्त्याच्या कडेला त्या खुर्चीत बसलं की डंपर केवढा मोठा दिसतो रे! त्याच्या इंजिनाची वाफ तोंडावर येते. खुर्ची हलते. प्रत्येक वेळी वाटतं, हा ब्रेक लावेल का? एक ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "मावशी, बाजूला बसा, लागंल." त्यानं धमकी दिली का काळजी केली, मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. तू इथं एकटा बसायचास. रोज. आणि समोर ओटे भरलेले. तू भिंत मागितलीस ह्यात आश्चर्य ते काय? भिंत तुला आवडली होती असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तुला माणसंच हवी होती. ती आली नाहीत.

दिवेलागण झाली. बाळारामच्या ओट्यावर दिवा लागला, पण माणूस दिसेना. मी म्हटलं, झालं. आता हा येणार नाही, ह्याच्या पुढचंही घर येणार नाही, आणि चार दिवसांनी इथं भराव पडेल आणि सगळे म्हणतील कमळीनं भिंत फोडायला लावली. अशी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. उठावं तर वाट मोकळी, बसावं तर किती वेळ बसावं?

मग तो आला. सावकाश, चप्पल ओढत. हातात बॅटरी आणि घोंगडी. माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या डोक्यात एकच, ह्याचे भाचे. हा बसायला आलाय का कुणाला वाट दाखवायला? खुर्चीचा हात मी घट्ट धरून ठेवला होता.

म्हणाला, "उठ बाय. माजी बारी."

मी म्हटलं, "बाळारामदादा, भिंत राखायचा शब्द दिला होतास त्याला."

तो भिंतीच्या तुटलेल्या कडेकडे बघत होता. मग म्हणाला, "दिला होता. भिंत नाय ऱ्हायली. मंग मी बसतंय."

मी उठले. दादूस, मी उठले आणि तुझी खुर्ची त्याला दिली. दुसरं करणार तरी काय होते? कुणाला तरी द्यायचीच होती, नाहीतर मीही तुझ्यासारखी एकटीच तिथं बसून म्हातारी झाले असते. त्याला सांगितलं, डावा पाय तारेनं बांधलाय, जपून टेक. आणि चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. बघायची भीती वाटली.

आळीच्या तोंडाशी पोचले आणि मागे डंपरचा आवाज आला. गाडी हळू झाली. ब्रेक लागला. इंजिन तिथंच घुरघुरत राहिलं, वाटेशी. परत पळावं तर पळवेना. कुणीतरी वरून काहीतरी बोललं, हसल्यासारखं, मामा म्हणून हाक मारली. मनात म्हटलं, गेलं. खाजण गेलं, दादूस गेला, सगळं गेलं.

आणि मग बाळारामचा आवाज आला. चढलेला नव्हता. शांत.

"पुढं ने. हिकडं मी हाय."

गिअर पडला. गाडी पुढे गेली.

मी घरी आले. हात धुतले आणि भाकरी थापली, एकच. वैनीकडे नेऊन तुझ्या फोटोपुढे ठेवली, सगळी. दादूस, एका रात्रीचंच झालंय हे. आज बारी वरच्या आळीतल्या पहिल्या घराची आहे, आणि मी मघापासून चार वेळा दारात जाऊन बघून आले.